हूक, बोल्ट आणि रांगोळीची दोन ताटं

शरद, तू गेलास यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. भेटायला येणाऱ्यांना वाटतं, दुःखामुळे. मी वाटू देतो. मान खाली घालून बसलं की चहा लवकर येतो. खरं कारण फक्त तुला सांगतो. मला संशय आहे. तुमच्या माळ्यावरच्या दोन ताटांचा पंचनामा त्या रविवारी करायचा ठरला होता. निकाल तुझ्याविरुद्ध जाणार हे आठवडाभर तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि शुक्रवारी सकाळी तू उठलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्यांना काही कळलंही नसेल. मी मनात म्हटलं, डॉक्टर, तुम्ही याला ओळखत नाही. याला सगळं कळतं. पंचनामा टाळायला हा माणूस कुठल्याही थराला जाईल.

हे वाचून विद्यावहिनी हसतील, मग डोळ्यांना पदर लावतील, मग पुन्हा हसतील. तेराव्यापासून आमचं असंच चाललंय.

संशय घ्यायला मला तूच शिकवलंस ना रे? मुलुंडच्या बाजारात मासे मिळत नव्हते असं नाही, पण इथल्या बर्फावर तुझा भरवसा नव्हता. म्हणून रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून पार वर्सोव्याला. तिथे तू पापलेट हातात घ्यायचास, उलटं करायचास, कल्ले उघडायचास, आणि मग ते तुझं बोट! पापलेटाच्या पोटावर दाबून धरायचास आणि उचललं की खड्डा भरून येतो का ते डोळे बारीक करून बघायचास. एकदा ती कोळीण वैतागली. "ए डॉक्टर, मेलाय तो! नाडी काय बघतोस?" तू शांतपणे म्हणालास, "मावशी, जे वरून गुळगुळीत दिसतं त्याला मी बोट लावून बघतो." "मग ह्याला लाव की," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हा पण लय गुळगुळीत दिसतोय." आणि तू खरंच भर बाजारात माझ्या पोटाला बोट लावलंस. थोडा वेळ थांबलास. "शिळा आहे," म्हणालास.

ती बाई नंतर कधीही भेटली की मला विचारायची, "काय रे शिळ्या, डॉक्टर कुठाय?" आता पुन्हा गेलो तर विचारेल. काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही.

तुमचं घर मला माझ्या गॅलरीतून दिसतं. चारी बाजूंना आमच्यासारख्या इमारती आणि मधोमध ते बैठं कौलारू घर, पार्टीत चुकून धोतर नेसून आलेल्या पाहुण्यासारखं. तुझ्या बाबांनी गिरणीत असताना घेतलेलं. मागचं मोठं छप्पर मंगळुरी कौलांचं. पुढच्या पडवीवर मात्र काळ्या पाटीच्या दगडाच्या पातळ लाद्या, कुठलासा जुना बंगला पाडत होते तिथून बाबांनी हातगाडीवर घालून आणलेल्या. दर वर्षी पावसाआधी तू स्वतः छपरावर चढून शाकारणी करायचास. एकेक कौल उचलायचं, खालचा कचरा झाडायचा, फुटकं बदलायचं, पुन्हा बसवायचं. मी गॅलरीतून चहा पीत सूचना द्यायचो. "डावीकडचं वाकडं बसलंय रे!" तू मागे वळून न बघता ओरडायचास, "नाटक्या, गप रव! तुका काय कळता?" चिडलास की तुझं मालवण बाहेर यायचं. मला ते ऐकायचं असायचं, म्हणून कौल सरळ असलं तरी मी वाकडं म्हणायचो.

सोलारचं खूळ तुझ्या डोक्यात शिरलं तेही संशयामुळे. लोक सूर्याकडे वळतात ते हवामानाच्या काळजीनं. तू वळलास मीटरवर डोळा होता म्हणून. घरातले सगळे दिवे बंद करून तू मीटरसमोर स्टूल टाकून बसायचास.

"बघ, लाल दिवा कसा मिचकावतोय. मला डोळा मारतोय."

"अहो, फ्रिज चालू आहे," वहिनी आतून.

"फ्रिज मी धरलाय हिशेबात."

शेवटी घाटकोपरचा केतन आला. सोलारची कामं करणारा, चाळिशीचा, गोड बोलणारा. त्यानं छप्पर बघितलं, पुढून मागून फोटो काढले आणि म्हणाला, "टेन्शन नको साहेब. कौलातून ड्रिल, खाली वाशात बोल्ट, वर रबराचा वॉशर, त्याच्यावर सिलिकॉन. एका दिवसात काम झकास."

"म्हणजे माझ्या छपराला भोक," तू.

"भोक नाही साहेब, फिक्सिंग."

"आरपार जातं?"

"जातं."

"मग भोक."

केतननं निमूटपणे पिशवीतून दुसरा प्रकार काढला. हूक. स्टीलचा, पंजाएवढा, हंसासारखी मान वळवलेला. कौल उचलायचं, हूक खाली वाशाला स्क्रूनं आवळायचा, त्याची मान खालच्या आणि वरच्या कौलाच्या मधून बाहेर काढायची, आणि वरचं कौल परत जागेवर ठेवायचं. कौलाला भोक नाही. शाकारणीला कौल उचलताही येतं. बोल्ट मारलेलं कौल मात्र कायमचं जखडलं. तुझे डोळे चमकले आणि लगेच बारीक झाले.

"याची मान बाहेर आली की वरचं कौल नीट बसणार नाही. उचललेलं राहील. तिथून पाणी येईल."

"नाही येत साहेब. टेस्टेड आहे."

केतननं मोबाइलवर व्हिडिओ लावला. कुठल्यातरी थंड देशातलं पाटीच्या दगडाचं छप्पर, आणि पांढरा कोट घातलेला एक माणूस हुकाला वजनं लटकवतोय.

"ही ताकदीची टेस्ट. गळण्याची कुठेय?"

पुढच्या व्हिडिओत छपरावर वरून शॉवरसारखं पाणी सोडलेलं होतं. तू बराच वेळ बघितलंस.

"हा पाऊस सरळ पडतोय."

"पाऊस सरळच पडतो ना साहेब."

"केतनभाई, घाटकोपरला कितव्या मजल्यावर राहता?"

"बारावा."

"पावसात खिडकी उघडी ठेवता?"

"छे, ठेवली तर सगळं पाणी आत..." आणि केतन थांबला. मी टाळ्या वाजवल्या. काय टायमिंग होतं रे तुझं! स्टेजवर मी गेलो आणि टायमिंग तुझ्याकडे राहिलं, ही देवाची चूक.

पडवीवरही केतनला दोन पॅनल बसवायचे होते. तिथली लादी पातळ, हुकाच्या मानेनं चिरायचीच. म्हणून पाटीची रीत वेगळी, असं त्यानं समजावलं. एक लादी काढायची, पट्टी खालच्या लाकडाला आवळायची, वरून पत्र्याची झालर टाकायची आणि झालरीची वरची कड वरच्या लादीखाली सरकवायची, म्हणजे पाणी झालरीवरून घसरून पुढे जातं. तू सगळं नीट ऐकून घेतलंस.

"आणि काढताना लादी फुटली तर?"

"दुसरी लावू."

"कुठून? शाळेतल्या पोरांच्या पाट्या गोळा करणार?"

पडवीचा विषय तिथेच मिटला. मोठ्या छपराचा मिटला नाही, कारण तू हूक म्हणालास म्हणून मी बोल्ट म्हणालो. मला बोल्टचं काय पडलं होतं? पण तुझ्या बाजूनं बोललो असतो तर तुला लगेच संशय आला असता. आपली मैत्री विरुद्ध बाजूंनीच टिकली.

मग गेल्या पावसाळ्याआधी तू ती स्पर्धा लावलीस. माळ्याच्या वरच्या उतारावर केतनकडून एक हूक आणि एक बोल्ट बसवून घेतलास, पॅनल नाही, नुसते उमेदवार. आणि प्रत्येकाच्या बरोबर खाली, माळ्याच्या फळ्यांवर, एकेक स्टीलचं ताट ठेवलंस. ताटात वहिनींची पांढरी रांगोळी, पट्टीनं सपाट केलेली. एक थेंब जरी पडला तरी रांगोळीत खड्डा दिसणार. थेंब वाळला तरी खड्डा राहणार. मी मनातल्या मनात तुला सलाम केला. वर्सोव्याचं ते बोट तू आता छपराला लावलं होतंस.

पाऊस सुरू झाला. रोज सकाळी आपण माळ्यावर. ताटं कोरी. रोज खाली वहिनींचा आवाज, "झालं का दोघांचं दर्शन? पोहे गार होतायत." आणि मग श्रावणात एका सकाळी तू खिडकीतून ओरडलास, "नाटक्या, ये! तुझो बोल्ट रडलो!"

मी धावत आलो. माझ्या ताटात एक खड्डा. तुझं ताट आरशासारखं.

"हा वरून पडलेला थेंब नाही," मी म्हटलं. "वरून पडला असता तर खड्डा गोल झाला असता. हा तिरका आहे. कुणीतरी बोटानं उडवलाय."

"तिरका, कारण पाऊस तिरका."

"माळ्यावर तिरका पाऊस? वा! छत्री आणू का?"

"म्हणजे मी लबाड?"

"मी म्हटलं का? खड्डा म्हणतोय."

तू माझ्याशी दोन दिवस बोलला नाहीस. म्हणजे खिडकीतून बोलायचास, पण वहिनींना उद्देशून. "त्याला सांग, त्याचं कपड्यांचं स्टँड पडलंय." ताटं मात्र हलवायची नाहीत, रीतसर पंचनामा होईपर्यंत पुरावा जागेवर राहील, हे आपलं ठरलं. आणि तो पंचनामा तू टाळत राहिलास. गणपतीत म्हणालास, सण आहे. दिवाळीत म्हणालास, फराळ आहे. थंडीत गुडघा. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. जिंकणारा माणूस असा निकाल पुढे ढकलत नाही.

त्याच गणपतीच्या दिवसांत पोळ्यांच्या डब्याचं झाकण गेलं. आठवतं ना? तुमच्या लग्नात आम्ही दिलेला तो मोठा स्टीलचा डबा, झाकणावर नाव कोरलेला: "मुकुंद व शोभा यांजकडून सप्रेम भेट." वहिनींनी घर उलटंपालटं केलं. आणि तपास कोणी हाती घेतला? तू. गल्लीतल्या सगळ्या घरांत चौकशी केलीस. शेवटी आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिलास आणि कपाट उघडून बघायला लागलास.

"भावजी," आमची शोभा म्हणाली, "नुसतं झाकण नेऊन आम्ही काय करू? डबा तर तुमच्याकडे आहे."

"डबा पुढच्या खेपेला न्याल. नाव तुमचंच आहे त्याच्यावर."

शोभानं तुला चहा दिला, पण बशी दिली नाही. तिनं सांगितलं, बशीचं झाकण करतील.

आता सध्याचं सांगतो. तेरावं झालं आणि ठाण्याहून आलेली तुझी मैथिली आईला म्हणाली, "बाबा नाहीत. दर वर्षी छपरावर कोण चढणार? पावसाआधी कौलं उतरवून पत्रा टाकू या." तिला बोलू नकोस. ती काळजीनं बोलली. पण वहिनींचा चेहरा मी बघितला. त्या इतकंच म्हणाल्या, "पत्र्याखाली पाऊस आला की घरात माणसाचा आवाज ऐकू येत नाही गं." मैथिलीनं एक सवलत दिली. सोलार लावायचं तर लावा, पण पहिल्या पावसात एक थेंब जरी घरात आला तरी कौलं उतरणार. केतन खोळंबला होता, त्याला उत्तर हवं होतं. मैथिली ठाण्याला परतली आणि वहिनींनी मला हाक मारली.

"भावजी, थट्टा नको, एकच खरं सांगा. हूक गळला होता की बोल्ट? चुकीचं निवडलं तर कौलं जातील. आणि कौलं गेली तर..." त्या कौलांवर तुझे हात फिरलेत, एवढं मलाही कळतं.

म्हणून मी एकटाच पंचनाम्याला चढलो. माझं पोट आणि तुमची शिडी, दोन्ही कुरकुरली. माळ्यावर कौलांच्या फटींतून उन्हाच्या बारीक रेघा आल्या होत्या आणि दोन ताटं तशीच बसली होती. माझ्या ताटात तो एकच खड्डा. तुझं ताट सपाट, शुभ्र. मी बराच वेळ उकिडवा बसलो. म्हटलं, शऱ्या, जिंकलास. हूक तर हूक. हात जोडले, उठलो, आणि उठता उठता तुझा तो सपाट, शुभ्र, निष्पाप चेहऱ्याचा ताट-उमेदवार पुन्हा बघितला.

फारच गुळगुळीत होता रे.

मी बोट लावलं.

बोट अर्ध्यावर अडकलं. ओली रांगोळी वाळली की तिचा पापड होतो, हे दारात रांगोळी काढणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. वरच्या भुकटीखाली एक पापड. त्याच्याखाली आणखी एक. बाजूला तिसरा. मी सगळं ताट चाळलं. लिमलेटच्या गोळ्यांसारखे वाळलेले थेंबच थेंब, आणि प्रत्येकावर नव्या रांगोळीचं पांघरूण.

"वहिनी! वर या!"

"काय झालं? साप आहे का?"

"नाही! तुमचा नवरा आहे!"

वहिनी वर आल्या, बघितलं, आणि कमरेवर हात ठेवला. "म्हणजे माझी रांगोळी अशी संपत होती! गणपतीत दारात ठिपके काढायला चिमूटभर उरली नव्हती. आणि मी शेजारच्या सुमनवर संशय घेतला. वाटी घेऊन यायची ना ती."

म्हणजे तू रोज माझ्या आधी, पहाटेच, माळ्यावर चढायचास. स्वतःच्या ताटातला खड्डा बुजवायचास, पट्टीनं सपाट करायचास, आणि मग साळसूदपणे मला हाक मारायचास. माझ्या बोल्टवर आळ घेत होतास तेव्हा तुझ्या नखांत रांगोळी होती. मला इतका आनंद झाला की मी माळ्यावर नाचलो असतो. फळ्यांवर भरवसा नव्हता म्हणून राहिलो.

वहिनी मात्र ट्रंकेवर बसल्या. "म्हणजे दोन्ही गळले," त्या हळूच म्हणाल्या. "मग पत्राच."

माझा आनंद तिथेच विझला. आणि मग वहिनी अचानक म्हणाल्या, "भावजी, खंडेनवमीला ह्यांची हत्यारं पुजली ना मी, तेव्हा कानशीला आधीच कुंकू लागलेलं होतं."

"मग?"

"मी अजून लावलंच नव्हतं. मला वाटलं, गेल्या वर्षीचं राहिलं. पण हे हत्यारं धुऊन पुसून ठेवतात. गेल्या वर्षीचं कसं राहील?"

त्या खाली जाऊन कानस घेऊन आल्या. दात्यांत लाल भुकटी. मी बोटावर घेतली, नाकाशी धरली. कुंकू कुठलं! कौलाची माती.

मंगळुरी कौल आतून वर ढकलता येतं, हे तुझ्याकडूनच शिकलोय, गॅलरीत बसून का होईना. मी हुकावरचं कौल ढकललं. त्याची खालची कड, जिथे हुकाची मान बाहेर जाते बरोबर तिथेच, कानशीनं घासून अर्धगोल केलेली होती. मान त्यात अशी बसली होती की कौल तसूभरही उचललेलं नव्हतं. मान आणि खालचं कौल यांच्यात बोटभर मोकळी जागा, म्हणजे वाऱ्यानं पॅनल दाबला तरी खालचं कौल फुटणार नाही. आणि सगळ्याच्या खाली, दोन्ही कडा वर वळवलेली एक स्टीलची पट्टी. चुकूनमाकून पाणी आत आलंच तर पट्टीवरून घसरून पुढच्या कौलावर पडेल अशी. पाटीसाठी केतननं सांगितलेली झालर तू चोरून कौलाखाली घातली होतीस.

पट्टीवर काहीतरी कोरलेलं होतं. मी चष्मा पुसला.

"मुकुंद व शो"

तिथे कातर लागली होती.

वहिनींनी माझ्या खांद्यावरून वाचलं. मग आम्ही दोघं जे हसलो, ते ऐकून सुमन धावत आली, तिला वाटलं रडणं सुरू झालंय. तिचंही फार चुकलं नाही.

"माझ्या डब्याचं झाकण! आणि हे स्वतः शोधत होते! गल्लीतल्या घराघरांत जाऊन!"

"आमचं कपाट उघडून बघितलं त्यानं, वहिनी."

"आणि मला म्हणाले, जाऊ दे, माणसं ओळखता येत नाहीत हल्ली."

म्हणजे झालं असं असणार. श्रावणभर तुझा हूक गळत होता आणि तू बुजवत होतास. मग भाद्रपदात कधीतरी एकट्यानं छपरावर चढलास, कानस आणि माझं नाव घेऊन. त्यानंतर परतीचा पाऊस आला, तो तर आडवाच येतो, आणि सगळ्यात वरची रांगोळी कोरी राहिली. पण हे माझं अनुमान. तुझ्या बाबतीत अनुमानावर छप्पर सोडायचं नाही, इतकी अक्कल मला आहे.

म्हणून केतनला बोलावलं. त्याला तुझ्या हुकाच्या शेजारी आणखी एक हूक बसवायला लावला, न घासता, जसा तो नेहमी बसवतो तसा. तीन उमेदवार झाले. खाली तीन ताटं, ताजी रांगोळी. वहिनी माळ्यावर मोबाइल धरून, मोबाइलमध्ये ठाण्याहून मैथिली. मी गल्लीत पाण्याचा पाइप घेऊन. खालून वर, तिरपा, जोरात. आमच्या इमारतीच्या गॅलऱ्या भरल्या. कुणीतरी ओरडलं, "काका, होळी झाली!" मी वाकून नमस्कार केला. प्रेक्षक समोर असले की मला राहवत नाही.

"बोल्ट!" वहिनी वरून ओरडल्या. "पडला! बोल्ट गेला!"

केतननं नंतर बघितलं. बसवला त्या उन्हाळ्यातच रबराला चीर गेली होती. म्हणजे श्रावणातला तो थेंब खरा असू शकतो, असं तू म्हणशील. एक थेंब खरा निघाला म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. तो खड्डा तिरकाच होता.

"नवा हूक! पडला! हाही पडला!"

मी पाइप धरूनच ठेवला. हाताला रग लागली. तुमच्या वळचणीवरून पाणी धो धो गळत होतं. वरून आवाज येईना.

"वहिनी? शऱ्याच्या हुकाचं काय?"

मी पाइप दुसऱ्या हातात घेतला.

"वहिनी!"

"कोरडं आहे हो," त्या म्हणाल्या. आवाज ओला होता, पण ताटाबद्दल बोलत होत्या. "भावजी, कोरडं आहे."

मग मोबाइलमधून मैथिली. "आई, बोट लावून बघ." तुझीच मुलगी, शंका नको. वहिनींनी बोट लावलं. मी गल्लीत भिजून उभा. कौलं राहणार की जाणार, ते त्या एका बोटावर होतं.

"तळापर्यंत कोरडं," वहिनी म्हणाल्या.

मैथिलीनं ते ताट मोबाइलसमोर धरायला लावलं. मग म्हणाली, "पत्रा राहू दे. पण सगळे हूक बाबांसारखे."

केतन डोकं खाजवत होता. "मुकुंदभाई, इतकी सगळी कौलं घासायची?"

"हुकाखालची तेवढी. सगळी."

"आणि झालर? झाकणं आणायची का?"

"ॲल्युमिनियमचा पत्रा आण. झाकणं फक्त मित्रांची कापतात."

"पण साहेबांनी मला सांगितलं का नाही?"

वहिनी शिडीवरून उतरत होत्या. त्यांनीच उत्तर दिलं. "मग भावजींनाही सांगावं लागलं असतं. आणि भावजींना सांगितलं की गणपतीत स्टेजवर गेलं असतं."

खरं आहे. मी ती गोष्ट तीन अंकी केली असती. मधल्या अंकात तुझी नक्कल केली असती, पहाटे लुंगी सावरत रांगोळीचा डबा घेऊन माळ्यावर चढणारा तू. तू पहिल्या रांगेत बसून दात ओठ खाल्ले असतेस. मला वाटतं, तुलाही ती गोष्ट सांगायची होती. त्या रविवारी सांगणार होतास. आठवडाभर तुझ्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते हरण्याचं नव्हतं, हसू दाबण्याचं होतं. असा माझा संशय आहे. खात्री करायला तू नाहीस, आणि ही तुझी सगळ्यात मोठी लबाडी.

पडवीवर पॅनल नाहीत. "ह्यांनी नको म्हटलं होतं म्हणून नाही," वहिनी म्हणाल्या, "मलाच नकोत." बाबांच्या लाद्या जिथल्या तिथे आहेत. मागच्या छपरावर आता निळे काळे पॅनल चमकतात आणि त्यांच्याखाली कौलं शांत बसलेली आहेत. तुझ्या पहिल्या हुकाखालची पट्टी केतन बदलायला निघाला होता. वहिनींनी हात धरला. ती राहू दे म्हणाल्या. कानस मी मागून घेतली. पुढची शाकारणी मी करणार आहे असं जाहीर केलंय. शोभा तेव्हापासून माझ्याकडे संशयानं बघते.

परवा मी वर्सोव्याला गेलो. एकटाच. मावशीनं लांबूनच विचारलं, "काय रे शिळ्या, डॉक्टर कुठाय?" मी सांगितलं. तिनं सुरी खाली ठेवली. मग एक पापलेट काढून माझ्यासमोर धरलं. मी बोट लावलं. खड्डा भरून आला.

आता पाऊस जवळ आलाय. वहिनींनी माळ्यावर हुकांखाली ताटं मांडलीत, रांगोळी पट्टीनं सपाट केलीय. रोज सकाळी मी चढणार आहे. ताट वरून कितीही शुभ्र दिसलं तरी मी थेट तळापर्यंत बोट खुपसणार आहे, कारण पहाटे माझ्या आधी तिथे कोण येऊन जातं, याची मला अजून खात्री नाही.